भांडी घासताना ऐकणारा तो कोण?

मागच्या अंकात एका वाचक बाईंनी विचारलं होतं की पाळी सुरू असताना चुकून देव्हाऱ्यातला दिवा लावला, आता काय करू, आणि मी लिहिलं होतं की काही करू नका, दिवा लागला ना, झालं तर मग. या दोन वाक्यांवर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यातच गेलं. केसगळती आणि सासूबाई पुढच्या महिन्यात घेऊ, रागावू नका.

ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांची, चिंचवडला राहते, आयटीत आहे. आमच्याकडे गौरी-गणपती, नवरात्र, श्रावणातला सत्यनारायण सगळं साग्रसंगीत असतं आणि मी ते करतेही. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला, सव्वा तास झाला. गुरुजी म्हणाले काहीतरी इच्छा राहिलीय, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागला, काका म्हणाले जमिनीचं मी बघतो, आत्या म्हणाली वहिनीला अंतर देणार नाही, मला पुढे ढकललं तर माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, लेकीतच जीव अडकलाय, ती रडतेय ना, म्हणून येत नाहीये. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. त्या दिवसापासून माझं देवाशी तुटलं. आरतीत फक्त ओठ हलतात. पण गंमत म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर भांडी घासताना मी कुणाशी तरी बोलते. बाबांशी बोलते तेव्हा ते बाबा असतात ते मला कळतं, हा तो नाही, हा दुसराच कुणीतरी. चेहरा नाही, नाव नाही. हा देव का? का मला वेड लागतंय? मेडिटेशनचं ॲप वर्षभराचे पैसे भरून घेतलं, पॉडकास्ट ऐकले, तिथे काहीच होत नाही, होतं ते सिंकपाशीच. घरी कुणाला सांगायची सोय नाही.

उत्तर: अगं, आधी त्या कावळ्याचं बघू, बाकीचं नंतर.

कावळा पक्षी आहे. घाटावर सकाळपासून पाच-सात जणांचे दहावे असतात, भात भरपूर पडलेला असतो, पोट भरलं की तो झाडावर बसून चोच पुसतो, त्यात पिंडाभोवती तीस माणसं गराडा घालून उभी, खाली उतरायला तो काय वेडा आहे. तुझे बाबा तुझ्या रडण्यामुळे कुठेही अडकलेले नव्हते. हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय कारण तुझ्या पत्रात देवाबद्दलचा प्रश्न नंतर आलाय आणि हे ओझं आधी आलंय, दीड वर्ष तू ते उचलून हिंडतेयस. आणि एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या? दर्भाचा कावळा करायची सोय मुळात आहे कशाला? ज्यांनी हा विधी घातला त्यांनाही ठाऊक होतं की कावळा प्रत्येक वेळी येत नसतो. म्हणजे सुटका विधीतच ठेवलेली होती, सव्वा तास लेकीला कोपऱ्यात उभं करायचं हे कुठेही लिहिलेलं नाही, ते माणसांनी केलं. तुझा राग त्या मागून बोलणाऱ्या आवाजावर असायला हवा होता, तो देवावर गेला कारण देव समोर उभा होता आणि उलट बोलत नव्हता.

आता तो सिंकपाशीचा. वेड नाही लागलंय तुला. झोप लागतेय, कामावर जातेयस, घरचं करतेयस, मग कसलं वेड. (तो उलट बोलून तुला हुकूम सोडायला लागला, जेवू नको, झोपू नको असं सांगायला लागला, तर मात्र सरळ डॉक्टरकडे जायचं, आणि हे मी मस्करीत म्हणत नाहीये.)

आणि तू काही जगावेगळंही करत नाहीयेस. जनाबाई आठव. नामदेवाच्या घरची दासी, पहाटे दळण, मग सडा-झाडू, पाणी, शेणी. तिला देव भेटला तो गाभाऱ्यात नाही, जात्यावर भेटला. दुसऱ्या बाजूने खुंटा धरून दळू लागला, तिच्याबरोबर शेणी वेचू लागला. ती त्याला विठ्या म्हणून हाक मारते, चक्क शिव्याही घालते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात, वारीत बायका ते फिरवून बघतात, मीही फिरवलंय, जड आहे चांगलंच. तेव्हा मनात आलं होतं, जिला दिवसभर कुणी माणूस म्हणून विचारत नव्हतं तिनं मदतीला येणारा देव शोधला, यात नवल ते काय. आपण तिला संत म्हणतो आणि तिचे अभंग गातो, पण तेच आपल्या सुनेनं सिंकपाशी केलं की आपल्याला काळजी वाटते.

म्हणजे तू परंपरा सोडून बाहेर चाललीयस असं तुला वाटतंय ना, तर आमच्या आजीचं सांगते. ७२ चा दुष्काळ. विहिरीत तळ दिसायला लागला, तेव्हा आजीनं देव्हाऱ्यातले सगळे देव उचलले आणि पितळेच्या घंगाळात पाण्यात घातले. खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे बुडाले. म्हणाली, बसा आता गारठून, मग कळेल. आपण 'देव पाण्यात घालून बसलाय' असं सहज बोलून जातो ना, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन दिवसांनी पाऊस काही आला नाही, पण आजीनं रात्री उठून देव बाहेर काढले, एकेकाला पदरानं पुसलं, बाळकृष्णाला जरा जास्तच वेळ पुसलं, आणि पुटपुटली, सर्दी होईल मेल्याला. मी गोधडीतून बघत होते. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, कुठलं तत्त्वज्ञान नाही, सगळे उपासतापास कडक, सोवळं कडक, पण देवाशी नातं मात्र तिचं स्वतःचं होतं, त्यात भांडण होतं आणि भांडणानंतरची माया पण होती. तुझं देवाशी तुटलंय असं तू लिहितेस. मला वाचताना वाटलं की तू त्याला पाण्यात घालून बसलीयस, एवढंच.

इथपर्यंत तुला बरं वाटलं असेल, आता जरा टोचेल असं लिहिते. हल्ली 'माझा देव माझा आहे, मला मध्ये कुणी नको' हे फार ऐकू येतं, लोणावळ्याला दोन रात्रीचं शिबिर करून आलेली माणसंही तेच म्हणतात. मला त्यात एक धोका दिसतो. आपण बनवलेला देव आपल्याच होला हो करत जातो. मला नणंदेचा राग येतो, माझ्या देवालाही येतो. मला कामवालीला सुट्टीचे पैसे द्यायचे नाहीत, देवही म्हणतो, बरोबर आहे तुझं. मग तो देव कसला, तो आरशातला आपला चेहराच की.

यावर आपल्याकडची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती नीट ऐकत नाही आपण. तेरला, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गोरोबा कुंभारांच्या घरी संतांचा मेळा जमलेला. मुक्ताबाईनं कोपऱ्यात थापटणं बघितलं, विचारलं, काका हे कशाला. गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं का कच्चं ते बघायला. ती म्हणाली, मग आमचीही बघा ना. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेवाला मात्र राग आला. झालं, हे मडकं कच्चं. आता बघ, नामदेव म्हणजे कोण? ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला, जो देवाशी रोज बोलायचा. तुझं सिंकपाशी जे दीड वर्ष चाललंय ते त्याचं लहानपणापासून चाललेलं. तरी कच्चा. तो रडत विठ्ठलाकडे गेला, वाटलं आपला देव आपली बाजू घेईल. आणि विठ्ठलानंच सांगितलं की ते बरोबर म्हणाले, तू विसोबा खेचरांकडे जा. मला ही गोष्ट इथे फार आवडते. स्वतः देवच सांगतो की नुसतं माझ्याशी बोलून भागायचं नाही.

नामदेव औंढ्या नागनाथाला गेला तर म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून आडवा झालेला. नामदेव भडकला. विसोबा म्हणाले, बाबा, मला उठवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेवानं पाय उचलून इकडे ठेवले तिथे पिंड, तिकडे ठेवले तिथे पिंड. आपल्याकडे ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात, मी ती अशी वाचते की नामदेवाचा देव पंढरपुरात विटेवर होता, त्याच्या ओळखीचा होता, त्याच्या बाजूचा होता, आणि विसोबांनी तो सगळीकडे सांडून टाकला. पुढे हाच नामदेव पंजाबात गेला, घुमानला राहिला, आणि त्याची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. विटेवरचाच देव धरून बसला असता तर इतक्या लांबच्या लोकांना तो आपला वाटला असता का, मला शंका आहे. आणि असंही नाही की त्यानं विठ्ठल सोडला. देवळाच्या पहिल्या पायरीत तोच आहे, त्या पायरीवर पाय द्यायला आजही माणसं बिचकतात.

तेव्हा तुझ्यासाठी थापटणं कोण, ते तू शोध. गुरू कर असं म्हणत नाहीये, बुवाबाजीचा सुळसुळाट आहे, पैसे मागणारा, बायकांना एकटीला भेटायला बोलावणारा, प्रश्न विचारला की चिडणारा दिसला की तिथून चप्पल घालून निघायचं. मी म्हणतेय असं एक माणूस ज्याच्याजवळ तू हे सगळं मोठ्याने बोलशील आणि जो तुला 'इथे तू खोटं बोलतेयस' असं म्हणू शकेल. मैत्रीण चालेल, आई चालेल. आईला खरंच विचारून बघ, मला खात्री आहे तीही कुठेतरी भिंतीशी बोलत असणार, नवरा गेलाय तिचा.

आणि आरतीत ओठच हलतात म्हणतेस, तर हलू देत. किंवा एखाद दिवशी सांग की मी आज टाळ वाजवते, म्हणत नाही. सत्यनारायणाचा तुला त्रास होत असेल तर यंदा शिरा तू कर आणि पूजेला दीराला आणि जावेला बसव. सगळं एका दिवसात फेकून द्यायची गरज नाही आणि सगळं तोंड मिटून करायचीही नाही. नाव काय द्यायचं त्याला, ते राहू दे सध्या. जनाबाईनं विठ्या म्हटलं, महात्मा फुल्यांनी निर्मिक म्हटलं, तू भांडी घासत रहा.

"तुमच्यासारख्या लोकांमुळे धर्म बुडतोय. जो तो आपापला देव काढायला लागला तर शास्त्र, परंपरा कशाला होत्या? हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड आहे." — एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर: काका, पत्र पूर्ण वाचलं, अक्षर सुंदर आहे तुमचं.

फॅडचं बोलायचं तर चोखोबांना पाश्चात्त्य कुठे भेटले होते? मंगळवेढ्याचा माणूस, १३३८ मध्ये कुसाची भिंत कोसळून त्याखाली गेला, आयुष्यभर ज्या देवासाठी जीव टाकला त्याच्या देवळात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. शास्त्र त्यांना बाहेर ठेवत होतं, मग शास्त्राला विचारून त्यांनी देव मानायचा होता का? तुमच्या हिशेबानं चोखोबांनी देवच मानायला नको होता. त्यांनी आपला देव आपल्या झोपडीत आणला आणि त्याला जाबही विचारला. त्यांच्या समाजाला त्या देवळाची दारं उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही सानेगुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं. एवढी वर्षं जे देवळाबाहेर उभे होते त्यांनी स्वतःचा देव काढला नसता तर काय केलं असतं, तुम्हीच सांगा. ही चैन नव्हती हो, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

फुल्यांनी १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं, निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको. देव नको असं ते म्हणाले नाहीत. हा फरक तुमच्या पत्रात राहून गेलाय.

एका गोष्टीत मात्र तुमचं बरोबर, परंपरा नसती तर या बंडखोरांना भांडायला भाषाही मिळाली नसती. ते मी मान्य करते. पण पाळी आणि दिव्याचं मी मागे घेणार नाही.

"माझे वडील माळकरी, दरवर्षी वारी. मी इंजिनिअरिंगला आहे, मूर्तीत देव आहे हे मला पटत नाही. पण कीर्तनात टाळ सुरू झाले की डोळ्यांत पाणी येतं. मित्र म्हणतात ही दांभिकता आहे. मी ढोंगी आहे का?" — वय २१, माळशिरस तालुका

उत्तर: नाही रे. तुझ्यासारख्यांची अख्खी संस्था होती. १८६७ ला मुंबईत प्रार्थना समाज निघाला, आत्माराम पांडुरंग, नंतर रानडे, भांडारकर असे मोठे मोठे लोक त्यात. मूर्तिपूजा मानायची नाही, एकच निराकार देव, रविवारी जमून उपासना करायची. आणि उपासनेत काय म्हणायचे? तुकारामाचे अभंग! ज्या तुकोबाला विटेवरच्या रूपाचं वेड, त्याचेच अभंग मूर्ती न मानणारे जज आणि प्रोफेसर डोळे मिटून म्हणत होते. त्यांना कुणी ढोंगी म्हटलं असेलही, पण त्यांना अभंगातला कळवळा खरा वाटला, तेवढा त्यांनी घेतला.

त्याच्या आधीची एक गंमत. १८४९ ला मुंबईतच परमहंस सभा होती, गुप्त. जमायचे, जातपात मोडायची म्हणून खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीच्या माणसानं केलेलं खायचे, आणि घरी येऊन गप्प बसायचे. मग १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी बाहेर फुटली आणि लोकांची पळापळ झाली, सभाच मोडली. तर ढोंग कुठे असतं ते बघ, बंद दाराआड एक आणि दारात एक. तू तर उघड रडतोयस कीर्तनात, त्यात लपवलंयस काय?

गाडगेबाबांचं सांगतात की दर वारीला पंढरपूरला जायचे, वाळवंट झाडायचे, कीर्तन करायचे, आणि देवळात मात्र जायचे नाहीत. कीर्तनात लोकांना उलटेच प्रश्न विचारायचे, देवाला आंघोळ कोण घालतो, त्याच्या नैवेद्यावर कुत्रा आला तर काठी घेऊन कोण धावतो, लोक म्हणायचे आम्ही, आणि मग हशा. तरी तोंडात 'गोपाला गोपाला' होतंच. यंदा वडिलांबरोबर एक टप्पा चालून बघ. मूर्तीबद्दल वाद घालायला नको, नुसता त्यांचा वीणा घे हातात, आणि रात्री मुक्कामाला त्यांचे पाय दाबून दे. ते काय मानतात ते तुला त्यांनी एकदाही सांगितलं नसेल, विचारलंयस का तू कधी?

"आम्ही न्यू जर्सीला असतो. घरीच बादलीत शाडूच्या गणपतीचं विसर्जन केलं. दोन दिवसांनी आठ वर्षांच्या मुलीनं बादलीत डोकावून विचारलं, बाप्पा विरघळला, मग आता तो कुठे आहे? मी म्हटलं कैलासावर गेला, तर म्हणाली, मग ही माती कोणाची? काय सांगू?"

उत्तर: तुमच्या मुलीनं मला निरुत्तर केलंय. कैलास वगैरे सांगू नका, पटलेलं नाही तिला. तिलाच विचारा, तुला काय वाटतं, कुठे असेल, आणि मग मध्ये न बोलता ऐका, हसायचं नाही. ती माती बादलीतून काढून कुंडीत घालायला तिच्याच हातात द्या, वर काहीतरी लावा, मेथी लावली तर आठवड्यात वर येते. त्यानंतर ती काय म्हणाली ते मात्र मला नक्की कळवा, पत्ता अंकात शेवटच्या पानावर आहे.